वेबस्टर यांनी धडधाकट बदकांचे स्वॅब का घेतले?

प्रश्न असा आला आहे: 'मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. इन्फ्लुएन्झाच्या प्रत्येक व्याख्यानात रॉबर्ट वेबस्टर हे नाव येतं, पण त्यांनी नेमका कोणता शोध लावला हे कुणीच एका ओळीत सांगत नाही. माणसाच्या फ्लूसाठी आयुष्यभर पक्ष्यांच्या मागे फिरायची काय गरज होती? आणि आता सिक्वेन्सिंग इतकं स्वस्त झाल्यावर अशा कारकिर्दीला जागा उरली आहे का?'

तुमची तक्रार रास्त आहे. वेबस्टर यांच्या नावावर बोट ठेवून दाखवता येईल असा एकच शोध नाही. त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अनेक दशकांच्या कामातून एक चित्र उभं राहिलं: ए प्रकारचा इन्फ्लुएन्झा हा मुळात पाणपक्ष्यांच्या आतड्यातला विषाणू, आणि माणूस, डुक्कर, घोडा, कोंबडी ही त्याची नंतरची बिऱ्हाडं. आज हे पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर असतं म्हणून सोपं वाटतं. माझं स्वतःचं काम पक्ष्यांच्या इन्फ्लुएन्झाच्या निदानातलं, स्वॅब, अंडी आणि प्लेटांमध्ये गेलेलं. तेव्हा हे उत्तर त्या बाजूला थोडं झुकेल, हे आधीच सांगून ठेवतो.

वेबस्टर या क्षेत्रात आले तेव्हा सुटे धागे पुष्कळ होते. रिचर्ड शोप यांनी १९३१ मध्ये डुकरांचा फ्लू विषाणूमुळे होतो हे दाखवलं होतं. १९३३ मध्ये लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी माणसाच्या घशातल्या स्रावापासून फेरेट या मुंगसासारख्या छोट्या प्राण्याला फ्लू दिला आणि माणसाचा विषाणू हाती आला. १९५५ मध्ये जर्मनीत शेफर यांनी कोंबड्यांचा जुना 'फाउल प्लेग' हासुद्धा इन्फ्लुएन्झा ए आहे हे सिद्ध केलं. पण डुकराचा फ्लू पशुवैद्यांकडे, कोंबडीचा पोल्ट्रीवाल्यांकडे आणि माणसाचा डॉक्टरांकडे, अशी वाटणी झालेली होती. तिन्ही विषाणू नात्यातले आहेत हे माहीत असूनही, नवी साथ आली की 'हा कुठून उपटला?' याला कुणाकडे उत्तर नसायचं. १९५७ मध्ये एच२एन२ हा नवा उपप्रकार आला (एच म्हणजे हिमॅग्लुटिनिन आणि एन म्हणजे न्यूरॅमिनिडेज, ही विषाणूच्या पृष्ठभागावरची दोन प्रथिनं; आकडे त्यांचे प्रकार सांगतात) आणि जुना एच१एन१ माणसांतून दिसेनासा झाला. माणसाच्या शरीराला पूर्णपणे अनोळखी प्रथिनं घेऊन एखादा विषाणू अचानक येतो कसा, हा खरा प्रश्न होता.

रॉबर्ट वेबस्टर यांचा जन्म १९३२ चा, न्यूझीलंडमधल्या बाल्क्लुथा गावाकडचा, शेतावर वाढलेले. ओटागो विद्यापीठात शिक्षण, मग कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएच.डी. तिथे त्यांची गाठ ग्रॅम लेव्हर या जीवरसायनशास्त्रज्ञाशी पडली आणि ती जोडी जमली. एकाला विषाणू पकडायची हौस, दुसऱ्याला त्याची प्रथिनं शुद्ध करून त्यांचे स्फटिक बनवायची. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर दोघं फिरत असताना वाळूवर थोड्या थोड्या अंतराने शिअरवॉटर जातीचे मेलेले समुद्रपक्षी दिसले, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. १९६१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर टर्न हे समुद्रपक्षी मोठ्या संख्येने मेले होते आणि त्यांच्यात इन्फ्लुएन्झा सापडला होता, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून शंका आली की हेही फ्लूनेच मेले असतील का.

गोष्ट सहसा इथेच थांबवली जाते. पण खरी मेख पुढे आहे. ते दोघं ग्रेट बॅरिअर रीफवरच्या प्रवाळबेटांवर गेले आणि तिथल्या जिवंत, बिळांत सुखाने नांदणाऱ्या शिअरवॉटरचं रक्त आणि स्वॅब घेतले. त्या रक्तात १९५७ च्या मानवी विषाणूच्या न्यूरॅमिनिडेजविरुद्ध प्रतिपिंडं सापडली, आणि पुढे विषाणूही मिळाला. माणसांच्या वस्तीपासून दूर, समुद्रावर आयुष्य काढणारा पक्षी, त्याला कसलाही आजार नाही, आणि त्याच्या रक्तात माणसाच्या साथीच्या खुणा. पुढची सगळी वर्षं वेबस्टर यांनी एकच सवय सोडली नाही: जिथे आजार दिसत नाही तिथे विषाणू शोधायचा. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचं मर्म तेच. मेलेल्या जनावरामागे सगळेच धावतात, तिथे तर सरकारी गाड्या आपण पोचायच्या आधी उभ्या असतात. धडधाकट जनावराचा स्वॅब घ्यायला पैसे मागितले की समोरचा विचारतो, 'पण त्याला झालंय काय?'

१९६८ मध्ये दोन गोष्टी झाल्या. वेबस्टर अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या मेम्फिसला, सेंट ज्यूड या मुलांच्या संशोधन-रुग्णालयात रुजू झाले. प्रामुख्याने कॅन्सरच्या मुलांवर उपचार करणाऱ्या ठिकाणी बदकांवर काम करणारी प्रयोगशाळा वाढली, याचं मला अजूनही नवल वाटतं. दुसरं म्हणजे, त्याच वर्षी हाँगकाँगमधून एच३एन२ ची साथ निघाली. लेव्हर आणि वेबस्टर यांनी जुन्या आणि नव्या विषाणूंचं हिमॅग्लुटिनिन शुद्ध केलं, ट्रिप्सिन या प्रथिन कापणाऱ्या विकराने (एन्झाइमने) त्याचे तुकडे केले आणि ते तुकडे पसरवून त्यांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवले. जनुकाचा क्रम वाचायची सोय तेव्हा नव्हती. प्रथिन कापून त्याच्या ठिपक्यांची नक्षी बघायची, एवढंच हातात होतं. १९६८ च्या विषाणूची नक्षी आधीच्या मानवी विषाणूशी जुळेना. जुळली ती १९६३ मध्ये युक्रेनमधल्या बदकातून आणि त्याच वर्षी मायामीतल्या घोड्यातून मिळालेल्या विषाणूंशी. म्हणजे जुनं प्रथिन हळूहळू बदलून नवं झालेलं नव्हतं, ते आयतं दुसरीकडून आलं होतं.

हे शक्य होतं, कारण इन्फ्लुएन्झाचा जनुकसंच एकसंध नसून आठ सुट्या तुकड्यांचा असतो. एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू एकदम शिरले तर बाहेर पडणाऱ्या पिल्लावळीत तुकड्यांची अदलाबदल होते. काचेच्या भांड्यात हे दिसलेलं होतं. जिवंत प्राण्यात होतं का, हे बघायला वेबस्टर आणि सहकाऱ्यांनी डुकरांना आणि टर्कींना एकाच वेळी दोन विषाणू दिले आणि दोघांचे गुण घेतलेले मिश्र विषाणू परत मिळवले. तो निबंध १९७१ चा. पुढे जनुकं वाचता यायला लागली तेव्हा हिशोब पक्का झाला: १९५७ च्या विषाणूत तीन तुकडे पक्ष्यांकडून आलेले, १९६८ च्या विषाणूत दोन. बाकीचे तुकडे तोवर माणसांत फिरत असलेल्या विषाणूचेच. 'माणसासाठी पक्ष्यांच्या मागे का?' या तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हे आहे.

आता बदकांकडे येऊ, कारण या कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा भाग माझ्या मते तोच. फ्लू म्हणजे श्वसनाचा रोग, तेव्हा पक्ष्याचा स्वॅबही घशातून घ्यायचा, अशी सगळ्यांची धारणा होती. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात रिचर्ड स्लेमन्स आणि सहकाऱ्यांना रानबदकांत विषाणू मिळाले होते. वेबस्टर यांच्या गटाने १९७८ मध्ये दाखवलं की बदकात हा विषाणू मुख्यतः आतड्याच्या अस्तरात वाढतो आणि विष्ठेतून प्रचंड प्रमाणात बाहेर पडतो. एका ग्रॅममध्ये कोट्यवधी. बदक मात्र ठणठणीत. नदीच्या क्लोरिन नसलेल्या पाण्यात हा विषाणू २२ अंशाला चार दिवस आणि शून्य अंशाला तीस दिवसांहून जास्त टिकतो. आता चित्र पाहा: तळ्यात हजारो बदकं, तीच खातात, तिथेच हगतात, तेच पाणी पितात. खोकल्याची गरजच नाही. घशाचा स्वॅब सोडून क्लोएकाचा, म्हणजे पक्ष्याच्या विष्ठेच्या द्वाराचा, स्वॅब घ्यायला लागल्यावर विषाणू सापडण्याचं प्रमाण एकदम वाढलं, ते यामुळे.

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात १९७६ पासून त्यांच्या गटाने रानबदकांचे नमुने घेतले. ऑगस्टमध्ये, स्थलांतराच्या आधी, बदकांचे थवे तळ्यांवर जमतात. त्या वर्षीची पिल्लं तेव्हा पहिल्यांदाच विषाणूला सामोरी जात असतात. पाचातल्या एकाला, काही वर्षी त्याहून जास्त पिल्लांना लागण असते. तेच पक्षी हिवाळ्यात दक्षिणेला पोचतात तोवर हे प्रमाण अगदी थोड्या टक्क्यांवर येतं. मग वर्षभर विषाणू तग धरतो कुठे? १९८५ पासून गटाने पूर्व किनाऱ्यावरच्या डेलावेअर उपसागरात मे महिन्यात काम सुरू केलं. दक्षिण अमेरिकेतून आर्क्टिककडे निघालेले रडी टर्नस्टोन, रेड नॉट असे किनारपक्षी तिथे उतरतात, कारण त्याच सुमारास हॉर्सशू क्रॅब वाळूत अंडी घालायला येतात. जगभर इतरत्र किनारपक्ष्यांत विषाणू क्वचित सापडतो, तिथे मात्र इतर ठिकाणांच्या एकत्रित प्रमाणाच्या सतरा पट सापडला. बदकं आणि किनारपक्षी यांच्यात आढळणारे उपप्रकारही सारखे नसतात. पक्ष्यांत हिमॅग्लुटिनिनचे सोळा आणि न्यूरॅमिनिडेजचे नऊ प्रकार आहेत हे आपण परीक्षेत लिहितो. त्या यादीतली कुठली जोडी कुठल्या पक्ष्यात, कुठल्या ऋतूत आणि किती, हे कळायला वर्षानुवर्षं त्याच तळ्यावर, त्याच महिन्यात जावं लागतं. १९९२ मध्ये वेबस्टर आणि सहकाऱ्यांनी 'मायक्रोबायॉलॉजिकल रिव्ह्यूज'मध्ये हे सगळं एकत्र मांडलं. या विषयात एकच परीक्षण-लेख वाचायचा असेल तर अजूनही तोच वाचा.

या कामाचा रोजचा पोत कसा असतो तेही सांगतो, कारण व्याख्यानात तो कळत नाही. स्वॅब ट्रान्सपोर्ट मीडियममध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रवात, बुडवून लगेच थंड करायचा. मीडियममध्ये अँटिबायॉटिक भरपूर, कारण विष्ठेतले जीवाणू नाहीतर अंडं नासवतात. प्रयोगशाळेत नऊ ते अकरा दिवसांची फलित अंडी अंधारात दिव्यावर धरून पाहायची: शिरांचं जाळं तांबूस दिसलं पाहिजे आणि भ्रूण हललं पाहिजे. हवेच्या कप्प्याची रेघ पेन्सिलीने आखायची, शीर टाळून कवचाला बारीक भोक पाडायचं, नमुना आत सोडायचा, भोक मेणाने किंवा गोंदाने बुजवायचं. पस्तीस अंशाला दोन-तीन दिवस. मग अंडी रात्रभर चार अंशाला ठेवायची. ही पायरी नवखी मुलं घाईत गाळतात. गार न करता अंडं उघडलं तर शिरा फुटून रक्त द्रवात उतरतं, विषाणू त्या लालपेशींना चिकटतो आणि हाती आलेला विषाणू तिथेच जातो.

त्यानंतर हिमॅग्लुटिनेशन, म्हणजे विषाणू लालपेशींना जोडतो का हे पाहायची चाचणी. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये द्रव दर खळग्याला निम्मा विरळ करत न्यायचा, कोंबडीच्या धुतलेल्या लालपेशी टाकायच्या आणि अर्धा तास थांबायचं. विषाणू नसेल तर पेशी तळाशी घसरून नीटस लाल टिकली होते. प्लेट तिरकी धरली की ती टिकली अश्रूसारखी ओघळते. विषाणू असेल तर पेशी एकमेकींना धरून खळग्याभर पसरतात आणि ओघळत नाहीत. आजही रिअल-टाइम पीसीआरच्या जोडीला ही प्लेट वाचली जाते. बहुतेक खळग्यांत टिकल्याच दिसतात, हेही लक्षात ठेवा. रानपक्ष्यांच्या कामात शंभरातले नव्वदहून अधिक नमुने कोरे निघणं हा चांगला दिवस असतो.

असल्या कामाचं चीज कधी होतं? १९८३ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात. एप्रिलमध्ये तिथल्या कोंबड्यांत एच५एन२ आला तो सौम्य होता, अंडी थोडी घटली इतकंच. ऑक्टोबरमध्ये तोच विषाणू भयंकर मारक झाला. साथ आवरायला सुमारे १ कोटी ७० लाख पक्षी मारावे लागले. एप्रिलचा आणि ऑक्टोबरचा, दोन्ही विषाणू फ्रीझरमध्ये होते म्हणून तुलना करता आली. योशिहिरो कावाओका तेव्हा जपानहून नुकतेच वेबस्टर यांच्या प्रयोगशाळेत आले होते. दोघांनी दाखवलं की हिमॅग्लुटिनिनमधल्या एका बदलाने कापणीच्या जागेजवळची साखरेची साखळी गळाली होती. हिमॅग्लुटिनिन कापलं गेल्याशिवाय विषाणूला लागण करता येत नाही. सौम्य विषाणूचं हे प्रथिन कापणारी विकरं श्वसनमार्गात आणि आतड्यातच असतात. ती साखळी गेल्यावर कापणीची जागा उघडी पडली आणि शरीरभरातल्या पेशींमधली विकरं तिथे पोचू लागली. एका अमिनो आम्लाचा फरक, आणि कोंबडीचा आजार तिच्या मृत्यूत बदलला. सौम्य एच५ आणि एच७ सापडले तरी आज पोल्ट्रीत धावपळ का होते, याचं मूळ इथे आहे.

हाँगकाँगचं १९९७ चं प्रकरण तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून फक्त कळीचे मुद्दे. मे महिन्यात तीन वर्षांचा एक मुलगा दगावला. त्याच्यातला विषाणू माणसांच्या फ्लूसाठी नेहमी वापरतात त्या अँटीसीरमना (ठरावीक विषाणू ओळखणारी प्रतिपिंडं असलेल्या रक्तद्रवांना) दाद देईना; ऑगस्टमध्ये तो एच५एन१ असल्याचं कळलं. त्याआधी मार्च ते मे दरम्यान तिथल्या काही फार्मवर कोंबड्या याच विषाणूने मेल्या होत्या. वर्षाअखेर एकूण १८ रुग्ण, ६ मृत्यू. हाँगकाँग विद्यापीठातले केनेडी शॉर्टरिज आणि वेबस्टर यांचा स्नेह जुना. शॉर्टरिज यांनी १९७० च्या दशकापासून तिथल्या बदकांचे नमुने जमवले होते. वेबस्टर तिथे पोचल्यावर जिवंत पक्ष्यांच्या बाजारांतून नमुने घेतले गेले आणि बाजारातल्या सुमारे वीस टक्के कोंबड्यांत एच५एन१ निघाला. बाजारात वरवर धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्यांतही तो होता. डिसेंबरच्या अखेरीस हाँगकाँगमधल्या पंधरा लाखांच्या आसपास सगळ्या कोंबड्या मारल्या गेल्या आणि माणसांतले रुग्ण थांबले. पुढे जनुकांवरून दिसलं की त्या विषाणूचं हिमॅग्लुटिनिन १९९६ मध्ये ग्वांगडाँगमधल्या हंसात सापडलेल्या विषाणूच्या कुळातलं होतं आणि आतली जनुकं लाव्याच्या एच९एन२ शी फार जवळची. त्यानंतर हाँगकाँगच्या बाजारात बदक-हंस वेगळे झाले, लावे बाहेर गेले, आणि महिन्यातून ठरावीक दिवशी सगळे पिंजरे रिकामे करून धुवायचा नियम आला. संशोधन थेट बाजाराच्या नियमांत उतरल्याची अशी उदाहरणं फार नाहीत.

दुसरी गोष्ट लशीची. एच५एन१ अंड्यात वाढवून लस करायला गेलं तर भ्रूण लवकर मरतं आणि काम करणाऱ्यांच्या जिवालाही धोका. २००० मध्ये वेबस्टर यांच्या गटाने, त्यात एरिक हॉफमन प्रमुख, आठ तुकड्यांसाठी आठ प्लाझ्मिड (डीएनएची छोटी वर्तुळं) वापरून विषाणू घडवण्याची पद्धत दिली. कावाओका यांच्या गटाने आदल्याच वर्षी प्लाझ्मिडांतून विषाणू घडवून वाट उघडली होती. या पद्धतीने मारक विषाणूच्या हिमॅग्लुटिनिनमधली सहज कापली जाणारी जागा काढून टाकता येते आणि अंड्यात चांगला वाढणारा, सौम्य बीज-विषाणू, म्हणजे लस बनवायला लागणारा मूळ विषाणू, तयार होतो. २००३ मध्ये हाँगकाँगच्या एका कुटुंबात एच५एन१ परत दिसला, तेव्हा सेंट ज्यूडमध्ये असं बीज काही आठवड्यांत तयार झालं. लेव्हर यांच्या वाटेचंही सांगायला हवं: त्यांनी न्यूरॅमिनिडेजचे स्फटिक केले, १९८३ मध्ये त्याची रचना उलगडली आणि झानामिव्हिर हे फ्लूचं औषध त्या रचनेवरून बेतलं गेलं. त्या कामात वापरलेलं एन९ हे न्यूरॅमिनिडेज ग्रेट बॅरिअर रीफवरच्या टर्न पक्ष्यातून मिळालेल्या विषाणूचं होतं.

आता दुसरी बाजू, कारण निव्वळ आरती ओवाळून तुमच्या हाती काही लागणार नाही. २००५-०६ च्या सुमारास वेबस्टर एच५एन१ च्या जागतिक साथीबद्दल फार ठामपणे आणि फार भयावह भाषेत बोलत. ती साथ आली नाही. डब्ल्यूएचओकडे २००३ पासून माणसांतल्या एच५एन१ च्या नऊशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली, त्यातले साधारण निम्मे दगावले, हे भीषणच आहे. पण माणसाकडून माणसाकडे सहज पसरायला तो शिकलेला नाही. २००९ मध्ये साथ आली ती डुकरांकडून, एच१एन१ ची. तिच्या आठांपैकी सहा तुकडे १९९८ पासून उत्तर अमेरिकेतल्या डुकरांत फिरणाऱ्या तिहेरी मिश्र (डुक्कर, माणूस आणि पक्षी या तिघांकडचे तुकडे असलेल्या) विषाणूचे होते, आणि त्या विषाणूचं वर्णन करणाऱ्यांत वेबस्टर यांचाच गट होता. सगळ्या जगाचे डोळे आशियातल्या कोंबड्यांवर होते आणि पूर्वज यांच्याच निबंधात पडून होता. पुढचा साथीचा विषाणू कुठला, हे कुणी ठामपणे सांगत असेल तर मी तरी दोन पावलं मागे सरकतो. देखरेखीतून विषाणूंची ओळख वाढते. त्यांतला कुठला उठेल ते कळत नाही.

दुसरी मर्यादा चित्रातली. बदकांत विषाणू निवांत राहतो, त्यांना काही करत नाही, हे १९९२ पर्यंत खरं दिसत होतं. २००५ मध्ये चीनमधल्या छिंगहाय तळ्यावर पट्टकदंब हंस हजारोंनी मेले तेव्हा त्या चित्राला तडा गेला. पोल्ट्रीत मारक झालेला एच५एन१ रानपक्ष्यांत परत शिरला आणि उडू लागला. २०२२ पासून समुद्रपक्ष्यांच्या वसाहती, पेरूमधले सी लायन, २०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या व्हाल्देस द्वीपकल्पावर एलिफंट सीलची १७ हजारांहून अधिक पिल्लं, हे सगळे त्याला बळी पडले. आणि मार्च २०२४ मध्ये तो अमेरिकेत दुभत्या गाईंत सापडला. गाईच्या कासेत हा विषाणू इतका वाढेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दूध घट्ट पिवळसर झालं, गोठ्यातली मांजरं मेली, तेव्हा कुठे तपासणी झाली. जनुकांवरून अंदाज असा की तो गाईंत त्याआधी काही महिने फिरत होता. पाश्चरीकरणाने तो मरतो, हे नशीब. इन्फ्लुएन्झासाठी गाईच्या दुधाचे नमुने घ्यावेत असं तोवर कुणाच्या यादीतच नव्हतं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर यातच येतं. सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकांचा क्रम वाचणं, स्वस्त झालं, पण ते नळीत जे आहे तेच वाचतं. नळीत काय घालायचं, कुठल्या तळ्यावर, कुठल्या महिन्यात, कुठल्या जनावराच्या कुठल्या भागातून, हे ठरवणारी माणसं कमी होत चालली आहेत. शिवाय क्रम वाचून विषाणू कोंबडीला मारेल का याचा अंदाज बऱ्यापैकी येतो. तो माणसाच्या नाकातल्या पेशींना किती घट्ट चिकटेल, जुन्या लशीची प्रतिपिंडं त्याला अडवतील का, याला अजून जिवंत विषाणू आणि ती टिकल्यांची प्लेट लागते. माणसाच्या श्वासनलिकेतल्या पेशींवर सियालिक आम्लाची (विषाणू जिला चिकटतो त्या साखरेची) एक जोडणी जास्त, बदकाच्या आतड्यात दुसरी जास्त. या एका फरकावर सगळी भीती उभी आहे, आणि तो फरक ओलांडायला कुठले बदल पुरतील हे कागदावर अर्धवटच दिसतं. ते बदल मुद्दाम घडवून बघावेत का, यावर २०११-१२ मध्ये फेरेटवरच्या प्रयोगांनंतर मोठं वादळ झालं आणि काम काही काळ थांबवावं लागलं. माझं मत विचाराल तर निसर्गात आधीच फिरत असलेले विषाणू नीट तपासायलाच माणसं आणि पैसा पुरत नाही. आधी ते करावं.

तुम्हाला या वाटेने जायचं असेल तर पशुवैद्यकाची पदवी नसली तरी चालेल, पण पक्षी हातात धरता आला पाहिजे आणि त्याचं रक्त घेता आलं पाहिजे. पक्ष्यांना कडी चढवणाऱ्यांबरोबर एखादा हंगाम काढा, त्यांना स्थलांतराच्या तारखा तोंडपाठ असतात. अंड्यात विषाणू वाढवायला शिका, आजकाल ते सगळीकडे शिकवत नाहीत. बायोइन्फर्मेटिक्स लागेलच, पण ते नंतरही जमतं. बीएसएल-३ चं, म्हणजे धोकादायक जंतूंवर काम करायच्या बंदिस्त प्रयोगशाळेचं, प्रशिक्षण रीतसर घ्या, घाई करू नका. आणि पीएच.डी.साठी प्रयोगशाळा निवडताना त्यांचे गाजलेले निबंध बघण्याआधी दोन गोष्टी विचारा: पाच वर्षांपूर्वीचा एखादा नमुना फ्रीझरमधून काढायला तुम्हाला किती वेळ लागेल, आणि कोरे निघालेले नमुने तुम्ही नोंदता का. ते नमुने नोंदलेले नसतील तर लागणीचं प्रमाण काढायला भागाकारातली खालची संख्याच तुमच्याकडे नसेल, आणि तीन वर्षांनी प्रबंध लिहायला बसाल तेव्हा ती कुठूनही आणता येणार नाही.